मोरीची झडप

भरतीचं पाणी आत घ्यायचं असेल तर मिठागराच्या बांधातल्या मोरीची झडप हळूहळू उचलली तरी चालते. बंद करताना मात्र ती एकदम पाडायची. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पहिल्या वर्षी मी ती इंचाइंचानं खाली सोडली, फटीतून चवताळलेल्या पाण्यानं बांधाखालची माती ओरबाडून नेली आणि त्यांनी सगळ्या मिठागरासमोर माझी शोभा केली. त्या दिवसापासून दोन माणसांचं वजन टाकून धाडकन पाडते. चाळीस वर्षं झाली, माझ्या मोरीचा बांध एकदाही फुटलेला नाही. इथं मला सगळे झडपवालीच म्हणतात. खरं नाव विचाराल तर मलाच थांबून आठवावं लागेल.

मला त्याचा फार तोरा होता. पुढचं सांगायचंय म्हणून हे आधी सांगून टाकलं.

त्या वर्षी मीठ ओढायच्या ऐन दिवसांत आभाळ भरून यायला लागलं. सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी वारा पडलेला आणि अंगाची नुसती चिकचिक. वाफ्यांत मीठ बोटभर जमलं होतं. वर चार थेंब पडले असते तर सगळ्यांच्या वर्षाचा चिखल झाला असता. मुकादम बांधावरून ओरडत फिरत होता. "दहा दिवसांत सगळं मीठ राशीला लागलं पाहिजे. कोणी आजारी नाही, कोणाच्या घरी पाहुणे नाहीत, कोणी मरायचं असेल तर अकराव्या दिवशी!" लोक हसले. मीही हसले. तसं बोलायची त्याला सवयच होती.

आमच्या घरात तीन माणसं. मी, माझा मुलगा आणि सून. मुलगा टोपल्या वाहायचा, सून वाफ्यात उभी राहून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायची, मी मोरी सांभाळायची आणि राशीवर मीठ थापायची. सुनेला आठवा महिना चालू होता. पोट पुढं, पाय पोटरीपर्यंत खाऱ्या पाण्यात, टाचांच्या भेगांत मीठ. दांडा पोटाला लागू नये म्हणून ती तो बाजूनं धरायची, त्यामुळं सगळा भार कमरेच्या एकाच बाजूवर यायचा. तासभर ओढलं की ती सरळ उभी राहायची, कनवटीची पुडी काढायची आणि गोळी टाकून वर पाणी प्यायची. मग पुन्हा फळी.

ती पांढरी गोळी आमच्याकडं सगळ्यांच्या ओळखीची. मुकादमाच्या पत्र्याच्या डब्यात तिच्या पट्ट्यांवर पट्ट्या असायच्या. पाठ धरली, गोळी. पाय सुजले, गोळी. दुखणं तर जायचंच, वर माणसाला जरा तरतरीही यायची, उन्हाचं काही वाटेनासं व्हायचं. सुनेला पहिली गोळी मी दिली. हो, मीच. लग्नानंतर वर्षभरात ती टोपलीसकट बांधावरून घसरली, कमरेला मार बसला. रडत बसली होती. मी म्हटलं, "एवढ्यानं रडतेस? ही घे, उद्या नाचशील." ती खरंच दुसऱ्या दिवशी कामावर आली. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दिवस गेले तेव्हा तिनं सोडून पाहिल्या, तर घाम फुटून हातपाय कापायला लागले. मी म्हटलं, "असू दे गं, घेत राहा आठ-नऊ महिने. आमच्या वेळी कोण बघत होतं पोटात काय जातंय ते." या तोंडानं म्हटलं मी.

दहा दिवसांतला तिसरा दिवस असेल. नर्सबाई आली. ती पंधरवड्यातून एकदा यायची. मिठाची पोती तोलायच्या काट्यावरच पोटुशा बायकांना उभं करून त्यांचं वजन घ्यायची. त्यावरून थट्टा चालायची, की पोत्यापेक्षा कमी भरलीस तर मुकादम परत पाठवील. त्या दिवशी मात्र नर्सबाई हसली नाही. काट्यावर दोघीच होत्या, माझी सून आणि शेजारची भिंगरी. भिंगरी म्हणजे आमच्या शेजारणीची सून. हातपाय असे चालायचे की तिला दुसरं नाव शोभलंच नसतं. तिला तेव्हा सहावा लागला होता. दोघी जोडीनं एकाच वाफ्यात ओढायच्या, एकाच पुडीतल्या गोळ्या खायच्या.

नर्सबाई म्हणाली, "सोमवारी दोघींना आरोग्य केंद्रावर यायचंय. लघवी तपासणार आहेत."

"कशाला?" मी विचारलं.

"नवा कायदा आलाय, मावशी. पोटुशी बाई नशेचं काही घेत असेल तर तिच्यावर गुन्हा. लेकराला इजा केली म्हणून."

"गोळी म्हणजे नशा होय?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मुकादम लांब होता. "खाडीपलीकडच्या मिठागरातली ती उंच बाई माहिताय ना? बाळंत झाली, तिसऱ्या दिवशी खाटेवरूनच नेली. मूल आश्रमात आहे." मग तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोणी घेत असेल तर आत्ता सांगा."

"सांगितलं तर तू काय करशील?"

"मला लिहावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सोमवारी कळेलच."

माझी तर पाचावर धारण बसली. पण तोंड माझं असं, की भीती वाटली की ते आणखीच जोरात चालतं. मी म्हटलं, "आमच्या घरी कोणी काही खात नाही!"

"मावशी, ऐका. तसं असलं तर सोडायचीसुद्धा एक रीत असते, ते..."

"नाही म्हटलं ना! एकदा सांगितलेलं कळत नाही?"

नर्सबाईचं तोंड एवढंसं झालं. तिनं वही मिटली, वजनं लिहिलीच नाहीत, आणि बांधावरून निघून गेली. मला वाटलं, जिंकले.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं. आमचं घर म्हणजे फळ्यांची एक खोली, वर पत्रा. चूल एका कोपऱ्यात, टोपल्या दुसऱ्या. सून खाटेच्या कडेला बसली. मुलगा दाराला टेकून उभा.

मी हात पुढं केला. "आण ती पुडी."

"आई, सोमवारला अजून सहा दिवस आहेत," ती म्हणाली. "मी रोज एक-एक कमी करते. आज पाच, उद्या चार..."

"आणि सोमवारी एक राहिली तर? त्या एकीसाठी जाशील ना तुरुंगात!"

"एकदम नाही जमत हो. मागं पाहिलंय ना तुम्ही."

"मागं तू मनावर घेतलं नव्हतंस. फट ठेवली की बांध जातो. बंद करायचं ते एकदम."

ती नवऱ्याकडं बघायला लागली. तो म्हणाला, "आई म्हणतेय ते बरोबर आहे." त्याला तरी काय कळत होतं? झडपेच्या बाबतीत आईचं आजवर कधी चुकलं नव्हतं, म्हणून त्यानं मान हलवली. सुनेनं पुडी दिली. मी बाहेर जाऊन ती पट्ट्यांसकट मोरीच्या डोहात फेकली आणि घरात येऊन अंथरुणाखाली, डब्यात, टोपल्यांच्या बुडाशी हात घालून पाहिलं. दोन सापडल्या, त्याही फेकल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला हो. एका घटकेत घर धुऊन काढल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सारखी जांभया देत होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि एवढ्या उकाड्यात अंगावर काटा. तरी कामावर आली. मुकादमानं विचारलं, "काय गं, सर्दी?" आणि सवयीनं डबा पुढं केला. मी मध्ये पडले. "तिला नको." तो म्हणाला, "नको तर नको. पण फळी थांबली नाही पाहिजे. वर बघ जरा." वर ढग दाटलेले होते.

तिसऱ्या दिवशी तिला पोटात काही राहीना. वाफ्याच्या कडेला वाकून ओकायची, तोंड खाऱ्या पाण्यानंच धुवायची आणि पुन्हा ओढायला लागायची. घरी खाटेवर पडली की पाय आपोआप झटकायचे, जसं कोणी दोरीनं ओढतंय. मुलगा तिचे पाय धरून बसायचा. मी लिंबूपाणी दिलं, कमरेला गरम फडकं दिलं, डोक्यावरून हात फिरवला. "दोन दिवस सोस बाई. तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं." ती म्हणाली, "पोटात ती फार उड्या मारतेय, आई. अशी कधी मारली नव्हती." मुलगीच होणार हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी पोटावर हात ठेवला. खरंच, आत ते लेकरू नुसतं तडफडत होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अंगात ताकद आहे पोरीच्या." देवा रे. तेही बिचारं गोळीवाचून तडफडतंय हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मला वाटलं, बंद झालं ते आईचं बंद झालं.

चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला. सगळं मिठागर धावत होतं. टोपल्या, राशींवर टाकायची कापडं, मुकादमाच्या शिव्या. मी राशीवर होते. खालून भिंगरीची हाक आली, "झडपवाली काकी, धावा!"

सून वाफ्यात गुडघ्यांवर बसली होती. फळीचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला, मान खाली. तिच्याभोवतीचं पाणी लालसर झालं होतं. सहा-सात आठवडे आधीच वेणा सुरू झाल्या होत्या. मला काही सुचेना. मुलगा टोपली टाकून आला आणि दोघांनी तिला बांधावर घेतलं. ती दातावर दात आवळून म्हणत होती, "एक द्या. आई, एकच द्या. तुमच्या पाया पडते."

भिंगरीनं माझ्याकडं पाहिलं. मग कनवटीतून दोन गोळ्या काढून तिच्या तोंडात घातल्या. मी पाहिलं आणि दुसरीकडं तोंड केलं. चार दिवसांचं सगळं सोसणं त्या दोन गोळ्यांत वाहून गेलं, हे मला दिसत होतं. पण तिचा तो चेहरा बघवत नव्हता.

मिठाच्या ट्रॅक्टरमध्ये रिकामी पोती अंथरून आम्ही तिला घेऊन निघालो. मुकादम आडवा आला नाही, एवढं त्याचं म्हणायचं. फक्त म्हणाला, "भिंगरे, तू कुठं निघालीस? फळी धर." रस्ताभर ट्रॅक्टर आदळत होता. सुनेनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं आत रुतली होती.

"आई, वचन द्या. काही झालं तरी गोळ्यांचं बोलायचं नाही. मला नेतील, आणि तिलाही नेतील."

"नाही बोलणार."

"मी मेले तरी नाही."

"अगं, असं अभद्र बोलू नकोस. नाही बोलणार म्हटलं ना!"

दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात ती मोकळी झाली. मुलगीच. एवढीशी, माझ्या तळहातावर मावेल अशी, पण रडली. डॉक्टरीणबाई म्हणाली, वजन फार कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवू. सुनेला रक्त चढवलं. मुलगा बाहेर बाकावर बसून रडला आणि मग रडताना पाहिलं म्हणून माझ्यावरच रागावला. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही जरा निवांत झालो. सून झोपेत होती. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला थरथर सुटली. आधी हनुवटी, मग हात, मग सगळं अंग. आणि रडणं असं की ऐकवेना, बारीक, चिरकं, न थांबणारं. तोंडात दूध घातलं की बाहेर. मूठ चोखायला जायची, पण थरथरीनं मूठ तोंडाला लागतच नव्हती. डॉक्टरीण आली, तपासलं, सुई दिली. दुपारपर्यंत फरक नाही. मग तिनं मला पेटीपाशी बोलावलं. वयानं माझ्या मुलाएवढी असेल, पण डोळ्यांखाली काळं आलेलं.

"आजी, मला तीन गोष्टी वाटताहेत. रक्तात विष झालं असेल, डोक्यात काही असेल, नाहीतर आईनं गरोदरपणात काही घेतलं असेल. तिन्हींची औषधं वेगवेगळी. पहिल्या दोन्हींचं मी देऊन पाहतेय. लागू पडत नाहीये. सुनेला विचारलं तर ती भिंतीकडं तोंड करून पडलीय. तुम्ही सांगा."

"लघवी तपासा की मग."

"पाठवलीय. तालुक्याहून उत्तर यायला तीन दिवस. हिच्याकडं तीन दिवस नाहीत."

मी पेटीकडं पाहिलं. पोरीची कातडी अशी पातळ की आतलं सगळं दिसावं. पाय सारखे झाडत होती. तेच. खाटेवर तिची आई जशी झाडत होती, अगदी तसेच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी तिथून बाहेर गेले. व्हरांड्यात नळ होता, तिथं तोंड धुतलं. मुलाला सांगावं की नाही, कळेना. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आई म्हणेल ते. सुनेच्या खाटेपाशी गेले. ती जागी होती. पेटीतलं रडणं तिथपर्यंत येत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात कानांवर ठेवले आणि डोळे मिटले. तिनं मला मोकळं केलं की आणखी बांधलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी परत आत गेले आणि डॉक्टरणीला सगळं सांगितलं. कोणती गोळी, दिवसाला किती, कधीपासून. पहिली कोणी दिली. चार दिवस कशा बंद केल्या, आणि ट्रॅक्टरवर घेताना दोन कशा गेल्या. भिंगरीचं नाव तेवढं घेतलं नाही.

ती लिहिता लिहिता थांबली. "एकदम बंद केल्या? आठव्या महिन्यात? कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"मीच केल्या."

"अहो, त्यानंच वेळेआधी कळा येतात! पोटात मूल दगावतं. थोड्या थोड्या कमी करतात, आमच्या देखरेखीखाली. आधी आला असतात तर आम्ही सोडवल्या असत्या."

"आधी आलो असतो तर लिहिलं नसतंत?"

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "लिहावं लागलं असतं. आताही लागेल. आजी, तुम्ही तिचा जीव वाचवलात. पण मला लिहावं लागेल." आणि खरंच, औषध द्यायला ती धावत गेली.

औषध लागू पडलं. संध्याकाळी थरथर कमी झाली, दुसऱ्या दिवशी पोर दोन चमचे दूध प्यायली, चौथ्या दिवशी तिनं मूठ तोंडात धरली. मी पेटीपाशी उभी राहून बघत होते. एवढा आनंद मला माझ्या मुलाच्या वेळीही झाला नव्हता. आणि त्याच दिवशी पोलीसबाई आल्या.

दोघी होत्या. एक उभी राहिली, एक स्टुलावर बसून लिहायला लागली. मी पुढं झाले. "बाई, लिहा. पहिली गोळी मी दिली. बंद मी केल्या. ती नको म्हणत होती. माझं नाव लिहा."

"तुम्ही कोण?"

"सासू."

"तुमचं नाव यात बसत नाही, आजी. कलम आईचं आहे."

"मग मुकादमाचं लिहा. डबे भरून आणतो तो! मिठागरात जाऊन बघा."

"बघितलंय. त्याचा जबाब झालाय. साक्षीदार आहे तो. तुमच्या सुनेला गोळ्या घेताना त्यानं पाहिलंय म्हणाला."

साक्षीदार! काय म्हणायचं याला? चाळीस वर्षं त्याच्या बांधावर राबले आणि तोंडात शिवी यायला त्या दिवशी एवढा वेळ लागला. आली तेव्हा मात्र अशी आली की उभी असलेली पोलीसबाई हसू लपवायला खिडकीकडं वळली.

सुनेनं काही तमाशा केला नाही. उठली, केस बांधले. पान्हा फुटला होता, पुढून सगळं ओलं झालं होतं. तिनं माझ्याकडं फडकं मागितलं. मी माझ्या खांद्यावरचं दिलं. ते तिनं छातीशी घट्ट गुंडाळलं आणि विचारलं, "आज किती प्यायली?"

"चार चमचे. मघाशी सहा."

तिनं मान हलवली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही बोललात."

"बोलले."

"बरं केलंत की वाईट, ते मला आज विचारू नका."

तिला पेटीपाशी जाऊ दिलं नाही. माझा मुलगा गाडीमागं फाटकापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

पाऊस लागला. राहिलेलं मीठ वाफ्यांतच विरघळलं. एवढी धावाधाव करून मुकादमाचा दहावा दिवस काही उगवला नाही. आजी आहे म्हणून मुलीला आश्रमात न धाडता आमच्याकडं दिली, आम्ही तिला घरी आणलं. दर आठवड्याला सरकारकडून एक बाई तपासायला येते, चूल बघते, अंथरूण बघते, माझे हात बघते. पोर माझ्या कुशीत वाढते आहे. अजून झोपेत कधी दचकून थरथरते, मग मी तिला छातीशी धरून बसते.

दीड महिन्यानं तुरुंगात भेट मिळाली. मध्ये जाळी होती. मी मुलीला जाळीजवळ धरलं. सून बारीक झाली होती, पण डोळे स्वच्छ होते. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या हळूहळू सोडवल्या म्हणाली. जाळीतून तिनं एक बोट अलीकडं सरकवलं. मुलीनं ते धरलं. पहारेकरीण म्हणाली, "हात लावायचा नाही," पण दुसरीकडं बघत म्हणाली. वकील काय म्हणतो ते मी सांगितलं. वर्ष, दीड वर्ष, काही सांगता येत नाही. तिनं ते ऐकल्यासारखं केलं. मग एकदम विचारलं, "भिंगरी कशी आहे?"

"आठवा लागला तिला."

"नर्सबाईकडं जाते?"

"त्या सोमवारी ती केंद्रावर गेलीच नाही, आता तर कोणीच जात नाही गं. तुला नेल्यापासून नर्सबाई काट्यापाशी येऊन बसते आणि तशीच जाते. बायका तिला बघून घरात शिरतात. माझ्याशीही कोणी नीट बोलत नाही. झडपवालीनं स्वतःच्या सुनेला पोलिसांत दिली म्हणतात."

"आणि गोळ्या?"

"मला कोण सांगतंय!"

तिनं जाळी दोन्ही हातांनी धरली. "आई, ती सोडणार. बाळंतपणाची तारीख जवळ आली की भीतीनं एकदम सोडणार. तिच्या सासूला तुमचीच रीत माहिताय, झडपेची. तिला जाऊन सांगा, एकदम नको. एकेक करून. सांगाल ना?"

मी म्हटलं, "आज सांगते."

गाडीतून उतरले ती पोरीला कडेवर घेऊन थेट त्यांच्या दाराशी गेले. पाऊस थांबला होता, बांधावर चिखल होता. भिंगरी दारात बसून तांदूळ निवडत होती. जवळ गेले तशी ती नीट दिसली. नाक पुसत होती. लागोपाठ दोन जांभया दिल्या. हातांवर काटा आला होता, आणि सुपातल्या तांदळाचा थरथरून बारीक आवाज येत होता.

"भिंगरे," मी म्हटलं, "कधीपासून बंद केल्यास?"

ती उठली. तिच्या डोळ्यांत एक क्षण असं काही आलं की आता ही बोलणार, असं वाटलं. तेवढ्यात तिची सासू बाहेर आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बांधाचं काम माझ्याच हाताखाली शिकलेली.

"काय पाहिजे?"

"काही नको. हिला एकदम सोडू देऊ नकोस. मूल जाईल. मी डॉक्टरणीच्या तोंडून ऐकलंय, हळूहळू..."

"आमच्या घरी कोणी काही खात नाही!"

तो आवाज माझाच होता. तसाच, तेवढाच जोरात. मी तो ओळखला आणि त्यामागची भीतीही ओळखली. तिनं सुनेला दंडाला धरून आत ओढलं आणि दार धाडकन लावलं. आतून कडी घातली.

मी दार वाजवलं. नाव घेऊन हाक मारली. सांगत राहिले, एकेक करून गं, रोज एकच कमी, मी कोणाला सांगणार नाही, माझ्या नातीची शपथ, मी येऊन बसते तुझ्यापाशी. कडेवरची पोर घाबरून रडायला लागली. दोन घरं सोडून कोणीतरी बाहेर येऊन बघितलं आणि परत आत गेलं. दाराच्या फळीला कान लावला तर आतून ओकारीचा आवाज आला, मग बादली सरकवल्याचा. मग भिंगरी म्हणाली, "पोटात फार उड्या मारतंय हो, आई," आणि तिची सासू म्हणाली, "अंगात ताकद आहे त्याच्या."

मी पुन्हा दार वाजवायला लागले.